बॉम्ब मोजून विमान कळत नाही

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो, कराची बंदरावरच्या १९७१ च्या हल्ल्याच्या आठवणी निघतात आणि आमच्याकडे एक जुना वाद नव्याने पेटतो. डहाणू लोकलचा डबा असो, बोईसर एमआयडीसीतली चहाची टपरी असो की सातपाटीचा धक्का, मुद्दे तेच असतात. ते मांडणारा माणूस अडाणी नसतो. त्याचं वाचन असतं, सनावळी त्याला तोंडपाठ असते. म्हणूनच त्याला हसण्यावारी न नेता नीट उत्तर द्यायला हवं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कराचीचे तेलसाठे पेटवले ते क्षेपणास्त्र बोटींनी आणि हवाई दलाच्या हंटर विमानांनी. त्या वेळी आपली एकुलती एक विमानवाहू नौका ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. म्हणजे खऱ्या आघाडीपासून लांब, सुरक्षित ठेवलेली. त्याआधी १९६१ ला गोवा घेतला, तेव्हाही ती समुद्रात उभी राहिली आणि तिच्या विमानांनी एकही बॉम्ब टाकला नाही. दाबोळीच्या धावपट्टीवर पडलेले बॉम्ब हवाई दलाचे होते. पहिल्या महायुद्धातली नौदलांची विमानं तर कापडालाकडाची खेळणीच. आता वरून उपग्रह बघतात, तारापूरच्या अणुकेंद्रावर कोणी चालून आलंच तर क्षेपणास्त्रं आहेत. मग नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या विमानांवर एवढा पैसा ओतायचा कशासाठी? या विमानांनी पालघरच्या किनाऱ्याला आजवर दिलं तरी काय?

यातली बहुतेक विधानं खरी आहेत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे, कारण सगळा हिशेब बॉम्बांचा मांडला आहे. राखणदाराची किंमत त्याने किती चोर बडवले यावरून ठरवावी, तसा हा प्रकार. समुद्रावरच्या विमानाचं पहिलं काम पाहणं, दुसरं काम पाहिलेलं ओळखणं आणि तिसरं ते वेळेत कळवणं. बॉम्बचा नंबर त्यानंतर लागतो, आणि बऱ्याचदा लागतच नाही. शंभर वर्षांचा इतिहास या क्रमाने वाचला, तर तीच विधानं उलट साक्ष देऊ लागतात.

आधी साधं गणित करू. शिरगावच्या किनाऱ्यावर वाळूत उभं राहिलेल्या माणसाला क्षितिज दिसतं ते जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर. तोच माणूस शिरगावच्या किल्ल्यावर, समजा समुद्रापासून दहा मीटर उंचीवर चढला, तर क्षितिज अकरा किलोमीटरवर सरकतं. पोर्तुगीजांनी केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची ओळ एकमेकांपासून थोड्याथोड्या अंतरावर राखली, त्यामागे हेच गणित होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ही ओळ मराठ्यांकडे आली, तेव्हा आपणही ती त्याच कामासाठी वापरली. आता त्याच माणसाला एक हजार मीटर उंचीवर न्या. क्षितिज ११३ किलोमीटरवर जातं. हवा स्वच्छ असेल तर सातपाटीच्या डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या विमानातून उत्तरेला दमण आणि दक्षिणेला कुलाबा एकाच फेरीत नजरेत येतात. समुद्राच्या बाजूचं सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर पाणी दोन डोळ्यांच्या टप्प्यात येतं. एकही बॉम्ब न उचलता विमान समुद्रावर सर्वात मोठं हत्यार का ठरलं, ते एवढ्यावरून समजावं.

आता ‘खेळण्यां’कडे वळू. युजीन एली या अमेरिकन वैमानिकाने १४ नोव्हेंबर १९१० ला ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवर बांधलेल्या फळ्यांच्या उतारावरून विमान उडवलं, आणि दोन महिन्यांनी, १८ जानेवारी १९११ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ‘पेनसिल्व्हेनिया’वर उतरवून दाखवलं. त्यानंतर चार वर्षांत महायुद्ध पेटलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी ब्रिटिश नौदलाच्या सात सीप्लेननी जर्मनीच्या कुक्सहाफेनवर चाल केली. लक्ष्य होतं झेपेलिन हवाई जहाजांच्या शेड्स. धुक्याने घात केला, शेड्स शाबूत राहिल्या आणि सातांपैकी जेमतेम तीन विमानं आपल्या जहाजांपर्यंत परत पोचली. बॉम्ब मोजणाऱ्याने या मोहिमेला शून्य गुण द्यावेत. पण ही विमानं जर्मन आरमाराच्या नांगरवाड्यावरून गेली होती आणि तिथे काय उभं आहे ते पाहून आली होती. त्या दिवशी कमाई झाली ती एवढीच.

हिंदी महासागरातलं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘क्योनिग्सबेर्ग’ ही जर्मन युद्धनौका १९१४ च्या शेवटी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रुफिजी नदीच्या मुखात शिरून बसली. भोवती दाट खारफुटी, उथळ फाटे; समुद्रातून ती दिसेना, आणि दिसत नाही तिच्यावर तोफ डागणार कशी? सीप्लेन आणली. उष्ण दमट हवेत लाकूड वाकडं होई, डिंक सुटे, अशक्त इंजिनं पाण्यावरून उठायला तयार नसत. ज्यांना खेळणी म्हणायचंय त्यांनी या टप्प्याला खुशाल म्हणावं. पुढे दुसरी विमानं आली आणि जुलै १९१५ मध्ये ‘सेव्हर्न’ आणि ‘मर्सी’ ही उथळ पाण्यात चालणारी तोफांची दोन जहाजं नदीत घुसली. तोफखान्याला लक्ष्य दिसत नव्हतं. वर विमानात बसलेला निरीक्षक गोळा कुठे पडला ते पाही आणि बिनतारी यंत्रावरून दुरुस्ती सांगे: लांब पडला, आखूड पडला, डावीकडे घ्या. ६ जुलैला काम फसलं. ११ जुलैला वैमानिक कल आणि निरीक्षक आर्नोल्ड वर होते. गोळे लागू लागले, तेवढ्यात त्यांच्या इंजिनाला मार बसला. विमान खाली घसरत असताना आर्नोल्ड दुरुस्त्या पाठवत राहिला. दोघं ‘मर्सी’जवळ पाण्यात पडले आणि वाचले; जर्मन खलाशांना आपलं जहाज स्वतःच उडवून द्यावं लागलं. हे जहाज विमानाच्या बॉम्बने बुडालं नाही. विमानातल्या माणसाच्या डोळ्यांनी बुडालं.

‘पण यात आपला किनारा कुठे आला?’ हा पुढचा प्रश्न. तो १९१७ साली आला, आणि फार वाईट रीतीने आला. ‘वुल्फ’ हे जर्मन जहाज मालवाहू जहाजाच्या वेषात कीलहून नोव्हेंबर १९१६ च्या शेवटी निघालं. पोटात शेकडो सुरुंग, लपवलेल्या तोफा आणि एक सीप्लेन. कप्तान कार्ल नेर्गर याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी सुरुंग पेरले, मग फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबोसमोर आणि मुंबईसमोर. काम उरकून तो निघून गेला. कोणी पाहिलं नाही, कारण पाहायला वर कोणी नव्हतंच. जूनमध्ये मुंबईसमोर ‘सिटी ऑफ एक्सेटर’ सुरुंगावर गेलं आणि कसंबसं बंदराला लागलं. त्याच महिन्याच्या २३ तारखेला पी अँड ओ कंपनीचं मोठं प्रवासी जहाज ‘मंगोलिया’ मुंबईजवळ सुरुंगाने बुडालं. आपल्या दारातल्या पाण्यात कोण येऊन काय टाकून गेलं हे चार महिने कोणाला माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलियात तर याच ‘वुल्फ’च्या सुरुंगाने फुटलेल्या ‘कम्बरलँड’ जहाजाबद्दल स्फोट आतूनच झाला, घातपात असावा, असा निष्कर्ष काढला गेला. शत्रू दिसला नाही की माणूस आपल्याच लोकांवर संशय घेऊ लागतो.

आता त्याच ‘वुल्फ’ची दुसरी बाजू. त्याच्याकडचं ‘वुल्फशेन’ हे फ्रीडरिक्सहाफेन कंपनीचं छोटं सीप्लेन. समुद्र शांत असला की ते पाण्यावर उतरवायचं, उडवायचं आणि पुढे कुठे धूर दिसतो ते पाहून यायचं. युद्धनौकेचा धूर दिसला तर ‘वुल्फ’ वाट बदले, एकट्या मालवाहू जहाजाचा दिसला तर त्याच्या वाटेवर जाऊन थांबे. जून १९१७ मध्ये न्यूझीलंडच्या उत्तरेला ‘वैरुना’ या जहाजावर या विमानाने आधी चिठ्ठी टाकली, बिनतारी यंत्राला हात लावू नका आणि मुकाट आमच्याकडे या अशा अर्थाची; मग जहाजाच्या पुढ्यात पाण्यात एक बॉम्ब टाकला. ‘वैरुना’ निमूट शरण आलं. सगळ्या मोहिमेतल्या बॉम्बची करामत ती एवढी: चिठ्ठीखालची सही. पण या डोळ्याच्या जोरावर ‘वुल्फ’ ४५१ दिवस, कुठल्याही बंदराला न लागता, तीन महासागरांत फिरलं आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये शेकडो कैद्यांसह कीलला परत पोचलं.

दोस्तांनीही धडा घेतला, पण उशिरा. ‘रेव्हन २’ हे सीप्लेन घेऊन फिरणारं ब्रिटिश जहाज फ्रेंच क्रूझर ‘पोत्युओ’बरोबर ‘वुल्फ’च्या शोधात हिंदी महासागरात धाडलं गेलं. लक्षद्वीप, मालदीव पालथे घातले. ‘वुल्फ’ केव्हाच पुढे सटकलं होतं. या प्रसंगात कोणाला आरंभीचं नौदल विमान खेळणं वाटत असेल, तर त्याने सांगावं की ते कोणाच्या हातातलं खेळणं होतं आणि रडत कोण बसलं होतं.

पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. ४ एप्रिल १९४२ ला सिलोनच्या दक्षिणेला गस्त घालणाऱ्या कॅटलिना विमानातून कॅनडाचा वैमानिक लेनर्ड बर्चल याला जपानचं आरमार दिसलं. त्याने संदेश पाठवायला सुरुवात केली, तेवढ्यात जपानी लढाऊ विमानांनी त्याला पाडलं आणि तो कैदी झाला. अर्धामुर्धा का होईना, संदेश पोचला. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला, तेव्हा बंदरातली बरीचशी जहाजं आधीच बाहेर पडली होती. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. ९ एप्रिलला विमानवाहू म्हणूनच मुळातून आखलेली जगातली पहिली नौका ‘हर्मीस’ सिलोनजवळ बुडाली. त्या वेळी तिच्यावर एकही विमान नव्हतं. विमानाशिवाय विमानवाहू नौका म्हणजे आंधळं जहाज, हे याहून कडक शब्दांत सांगता येणार नाही. मुंबईच्या बाजूला तेव्हा हवाई दलाच्या स्वयंसेवकांची एक किनारा संरक्षण तुकडी जुनाट वापिटी विमानांवर गस्त घालत होती. तिच्या नावावर मोठा पराक्रम नसेल, पण १९१७ ला जे नव्हतं ते तिच्याकडे होतं: समुद्रावर फिरणारा डोळा.

स्वतंत्र भारताने हेच सूत्र उचललं. ११ मे १९५३ ला कोचीनला ‘गरुड’ हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला. त्याची पहिली विमानं होती ‘सीलँड’, जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारी, शस्त्र नसलेली. ‘विक्रांत’ त्यानंतर आठ वर्षांनी, ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला दाखल झाली आणि नोव्हेंबरात मुंबईला पोचली. दीड महिन्यात गोव्याची कारवाई आली.

गोव्याबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो: ‘विक्रांत’च्या विमानांनी बॉम्ब टाकला नाही. हवाई दलाच्या कॅनबेरांनी १८ डिसेंबरला दाबोळीची धावपट्टी फोडली. पण पुढे काय झालं? त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उरल्यासुरल्या धावपट्टीवरून उठली आणि अंधारातून कराचीला निसटली. बॉम्बने धावपट्टी फुटते. आकाशावर आणि पाण्यावर ताबा मात्र पहारा ठेवूनच मिळतो.

आमच्या झाईच्या पलीकडे थोड्या अंतरावर दमणलाही त्याच दिवशी लढाई झाली. पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीने पहाटे विमानतळाकडे चाल केली, हवाई दलाच्या मिस्टेअर विमानांनी पोर्तुगीज तोफांवर मारा केला आणि दुसऱ्या दिवशी दमण शरण आलं. आज त्याच दमणला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे आणि त्याची डॉर्नियर विमानं नि हेलिकॉप्टर पालघरच्या पाण्यावर फिरतात. जिंकलेल्या धावपट्टीचा खरा उपयोग असा.

आता १९७१. ‘विक्रांत लपवली’ हा आरोप सर्वात जास्त ऐकू येतो आणि सर्वात कमी तपासला जातो. ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता, पूर्ण वेग मिळत नव्हता. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला धक्क्याला बांधून ठेवायचं नाकारलं आणि जिथे पाकिस्तानी हवाई दल कमजोर होतं त्या पूर्वेला पाठवलं. ४ डिसेंबरला तिची सी हॉक विमानं कॉक्स बझारवर गेली, मग चितगाववर. अलिझे विमानांनी समुद्र पिंजून काढला. पूर्व पाकिस्तानातलं सैन्य समुद्रमार्गे ना पळू शकलं, ना त्याला कुमक मिळाली. याला लपणं म्हणत असतील, तर सगळ्यांनी असंच लपावं.

आणि पाकिस्तानने ‘विक्रांत’साठी काय केलं? ‘गाझी’ ही त्यांची लांब पल्ल्याची एकमेव पाणबुडी तिच्या शोधात विशाखापट्टणमसमोर पाठवली. ‘विक्रांत’ त्या वेळी अंदमानात होती. पाकिस्तानकडे बंगालच्या उपसागरावर पाहणारा डोळा नव्हता, म्हणून आपल्या नौदलाने सोडलेल्या खोट्या संदेशांवर त्यांनी विश्वास ठेवला. ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर तळाला गेली.

पश्चिमेचं काय? कराचीचं यश क्षेपणास्त्र बोटींचं, त्यात वाद नाही. पण बॉम्ब मोजणारा माणूस ४ आणि ८ डिसेंबरच्या कराचीवरच्या हल्ल्यांवर थांबतो. पुढचं पान उलटत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. पाणबुडीच्या शोधात निघालेल्या या छोट्या फ्रिगेटवर हेलिकॉप्टर नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोधाला गेलेलं एक अलिझे पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं, तिन्ही जण गेले. कराचीवरचा ठरलेला तिसरा हल्ला रद्द झाला. पश्चिम किनाऱ्यावर नौदलाच्या विमानांची गरज नव्हती, असं जे म्हणतात त्यांनी ही किंमत हिशेबात धरावी. ज्या समुद्रात ‘खुकरी’ गेली, तो आमच्या मच्छीमारांचाच समुद्र आहे.

इथे एक पुरवणी आक्षेप येतो: ठीक आहे, विमानं हवीत, पण ती हवाई दलाने चालवावीत, नौदलाने जहाजं सांभाळावीत. हा प्रयोग इंग्रजांनी करून पाहिला. १ एप्रिल १९१८ ला त्यांनी नौदलाची हवाई शाखा नव्या हवाई दलात विलीन केली आणि १९३९ ला, दुसरं महायुद्ध दारात असताना, जहाजांवरची विमानं नौदलाला परत दिली. आपणही तोच घाट घातला. १९७१ मध्ये समुद्रावरची लांब पल्ल्याची टेहळणी हवाई दलाकडे होती, आणि साधन होतं एअर इंडियाने वापरून सोडलेली सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानं. ती नौदलाकडे आली १९७६ ला. पुढच्या वर्षी इल्यूशिन-३८ आली आणि गोव्यातून खरी सागरी गस्त सुरू झाली.

या मालकीहक्काने फरक काय पडतो, हे पाकिस्ताननेच दाखवून दिलं. ६ डिसेंबर १९७१ ला कराचीजवळ गस्तीच्या विमानाला एक जहाज दिसलं. ते भारतीय क्षेपणास्त्र बोट आहे असं कळवलं गेलं, पाकिस्तानी सेबर विमानं झेपावली आणि त्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. जहाज होतं त्यांचीच फ्रिगेट ‘झुल्फिकार’. उंची होती, नजर होती, विमान होतं, हत्यारही होतं. समुद्रावर काय दिसतंय ते ओळखण्याची सवय नव्हती. समुद्र वरून सगळीकडे सारखाच दिसतो. त्यावरचा ठिपका मच्छीमाराचा की शत्रूचा, हे त्या पाण्यात आयुष्य काढलेल्यांनाच कळतं.

यावरूनच विरोधकांचा सर्वात जड मुद्दा पुढे येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. नोव्हेंबर २००८ मध्ये विमानं होती, तटरक्षक दल होतं. तरी पोरबंदरची ‘कुबेर’ बोट अपहरण करून दहा अतिरेकी मुंबईपर्यंत आले आणि कोणाला दिसले नाहीत. खरं आहे. पण ‘कुबेर’ वरून दिसली असती तरी काय दिसलं असतं? आपल्या समुद्रातली आणखी एक गुजराती मच्छीमार बोट. रबरी होडीतून ते बधवार पार्कजवळच्या कोळीवाड्यात उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. ओळखीचं पाणी, ओळखीची माणसं, त्यात ही पोरं वेगळी दिसली. २६/११ ने विमान निरुपयोगी ठरत नाही; डोळा आणि ओळख यांची फारकत झाली की काय होतं ते दिसतं. त्यानंतर बोटींना राज्यानुसार रंग, मच्छीमारांना ओळखपत्रं, किनाऱ्यावर रडारची साखळी असं बरंच झालं. हे सगळं विमानाला पूरक आहे, पर्याय नव्हे.

उपग्रहाचंही तेच. तो ठरल्या वेळी डोक्यावरून जातो आणि पुढे निघून जातो. पावसाळ्यातल्या ढगांखाली साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. बोटीने आपलं ओळख देणारं यंत्र बंद केलं की रडारच्या चित्रात उरतो तो निनावी ठिपका. त्या ठिपक्यापाशी खाली उतरून नाव वाचायचं काम विमानाचंच. ड्रोनचं उदाहरण देणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की ड्रोन म्हणजे वैमानिक खाली बसवलेलं विमान. तो आला म्हणजे माझा मुद्दा जिंकला.

आणि उपग्रह दोर खाली सोडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. नौदलाच्या जहाजांनी, हेलिकॉप्टरांनी आणि पी-८आय विमानांनी दिवसेंदिवस समुद्र चाळला तेव्हा १८६ जण वाचले. त्याच वादळात ‘गल कन्स्ट्रक्टर’ ही दुसरी बार्ज नांगर तुटून वाहत आली आणि आमच्या वडराईच्या किनाऱ्यासमोर रुतली. तिच्यावरच्या १३७ जणांना हेलिकॉप्टरांनी बाहेर काढलं. युद्धासाठी बांधलेली पाहण्याची आणि पोचण्याची ताकद शांततेत अशी कामी येते. या १३७ जणांनी बॉम्बचा हिशेब विचारला नसेल.

तारापूरचं उत्तर अजून बाकी आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ ला सुरू झाल्या. पुढे अक्करपट्टी आणि पोफरण उठवून ५४० मेगावॅटच्या आणखी दोन उभ्या राहिल्या. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ ला करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. करार चांगला आहे, पण तो बांधतो सरकारांना. ‘कुबेर’वरचे दहा जण कोणत्या करारावर सही करून आले होते? क्षेपणास्त्र समोरून आलेल्या विमानाला पाडेल. दांडी-उच्छेळीच्या बोटींत मिसळून येणाऱ्या अनोळखी बोटीवर ते सोडता येणार नाही. तिथे आधी कोणीतरी पाहावं लागतं आणि पाहिलेलं ओळखावं लागतं.

विरोधक विचारतात की पैसा कशाला. माझं म्हणणं उलट आहे: पालघरच्या वाट्याला तो कमी येतो. दमण सातपाटीपासून ७५ किलोमीटरहून अधिक दूर आणि कुलाब्याचा ‘शिक्रा’ तळ सुमारे ९० किलोमीटर. चेतक हेलिकॉप्टर उडाल्यापासून इथे पोचायला अर्धा तास धरा. आणि चेतक म्हणजे १९५९ साली पहिल्यांदा उडालेल्या फ्रेंच अल्युएटचा अवतार, एका इंजिनाचा. रात्री, वादळात, किनाऱ्यापासून लांब त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायच्या?

आता वाढवणला १,४४८ हेक्टर समुद्र भरून बंदर होतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि जोडीला विमानतळाचीही भाषा चालू आहे. या बंदराबद्दल मच्छीमारांचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते वेगळ्या लेखाचा विषय आहेत. पण ज्या समुद्रात अणुकेंद्र, महाबंदर, तेलाच्या बार्ज आणि हजारो मासेमारी बोटी एकत्र नांदणार, तिथे दोन इंजिनांची शोध-बचाव हेलिकॉप्टर कायम तैनात हवीत, आणि गस्ती विमानाच्या निरीक्षकांनी सातपाटी, मुरबे, डहाणूच्या तांडेलांबरोबर बसून इथल्या बोटी, जाळी आणि हंगाम शिकून घ्यायला हवेत. बंदराला आणि विमानतळाला पाठिंबा देणाऱ्यांनी ही अट घालावी. विरोध करणाऱ्यांनीही घालावी, कारण बंदर झालं काय नि न झालं काय, समुद्रात जाणार आहेत ती त्यांचीच माणसं. आराखड्यात हेलिपॅड, हँगर आणि इंधनाची जागा आज राखून ठेवली नाही, तर उद्या तिथे कंटेनर उभे असतील.